पहिला भाग न पाहिलेली माणसं

सिनेमाचा दुसरा भाग आला आणि त्यात मधेमधे पहिल्या भागातल्या गोष्टी आठवणी म्हणून दाखवल्या, तर पहिला भाग न पाहिलेल्या माणसाला त्या कळतात का? एरवी मी असल्या प्रश्नाच्या वाटेला गेलो नसतो. पण घरात पाहुणे असताना तो उभा राहिला आणि माझ्या मुलीचं लग्न त्यापायी अडायची वेळ आली. म्हणून त्याचं उत्तर मला, निदान आमच्या भागापुरतं, नीट ठाऊक आहे.

दुसरी मोठी लढाई संपत आली होती तेव्हाची गोष्ट. मी खालापूरला भाताच्या गिरणीवर वजनाचं काम बघत होतो. घर मात्र चौक गावाजवळच्या आमच्या खेड्यातच होतं. मुलगी थोरली, मराठी चौथी झालेली, शेतीकामात आणि घरकामात तयार. कर्जतच्या बाजूचं एक स्थळ आलं. भाताची जमीन बरी, मुलगा एकुलता आणि रेल्वेत फिटरच्या हाताखाली लागलेला. आमच्यात तेव्हा मुलगा स्वतः मुलगी बघायला येत नसे. घरातली मोठी माणसं येत आणि त्यांचा शब्द तोच मुलाचा शब्द.

मध्यस्थाने मला बाजूला घेऊन सांगून ठेवलं होतं, ‘बोलंल बाप, पण ठरवंल आत्या. त्या घरात तिच्या नजरंबाहेर काय नाय.’ ही आत्या म्हणजे मुलाच्या बापाची थोरली बहीण. तरुणपणी मूल होत नाही म्हणून तिच्या नवऱ्याने दुसरी बायको केली. ही त्याच आठवड्यात उठून भावाकडे आली ती कायमची. पुढे भावजय वारली आणि मुलाला हिनेच वाढवलं. मध्यस्थाने आणखी एक सांगितलं, ‘तिच्याफुडं सवतीचा विषय चुकून बी काढू नका.’ मी म्हटलं, ‘मी कशाला काढतोय?’

दोघं बहीणभाऊ दुपारी सर्व्हिस मोटारीने आले. आत्याबाई उंच, काटक, कपाळावर आणि हनुवटीवर ठसठशीत गोंदण. चहा झाला, मुलगी पाया पडून गेली, बोलणं सुरू झालं. वजन करताना काट्यावर बोट ठेवायची सवय मला नाही, तेव्हा मी आधी उणं ते सांगून टाकलं. मुलीला सतरा पुरी आहेत, मध्यस्थ सोळा म्हणाला असेल तर ते चूक. डाव्या हाताचं एक बोट विळा लागून किंचित वाकडं आहे. आमची मंडळी, म्हणजे मुलीची आई, दाराआडून माझ्याकडे बघत होती, ते बघणं मला आजही आठवतं.

आत्याबाई म्हणाल्या, ‘बोटाचं काय घेऊन बसलाव? आमचा पोरगा तरी कुटं राजबिंडा हाय? बापाचं तोंड उचलून आणलंय त्यानं. ह्याच्या जवानीत ह्याला बघितलं असतंत, तर पोराला बघायची गरज नव्हती.’

‘माजी जवानी काय वंगाळ होती काय?’ भाऊ म्हणाला.

‘तुला आरसा नव्हता म्हणून बरं.’

एकूण बैठक चांगली चालली होती. संध्याकाळच्या मोटारीने ते परत जायचे होते. पण ती मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. पेट्रोल मिळत नसे, म्हणून मागे भट्टी बसवलेली. त्या दिवशी भट्टीने पेट घेतला नाही आणि मोटार चौकलाच उभी राहिली. पाहुणे मुक्कामाला राहिले.

चौकच्या माळावर तेव्हा सिनेमाचा तंबू आलेला होता. मुलाच्या बापाला ते वाटेतच कळलेलं. तो म्हणाला, ‘पाव्हणं, बसून तरी काय करायचं? जाऊ की.’ आत्याबाईंनी सिनेमा कधी पाहिलेला नव्हता. पण नाटकं मात्र त्यांनी भरपूर पाहिलेली. त्यांच्या गावच्या जत्रेत गावातलीच माणसं नाटक करत, तशी ती आमच्याकडेही होत. जायची तयारी चालू असताना त्या आमच्या मंडळींना सांगत होत्या, ‘आमच्यात माणसं कमी. आमचा पाटीलच राजा व्हतो, लढाईत मरतो, आन मागं जाऊन दाढी लावून ऋषी व्हतो. फेटा बदलला की माणूस बदलला, असं समजायचं. एका वर्षी त्यो सासूबी झालता आन सूनबी.’

सगळे हसलो. हे सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा ह्याच गोष्टीतून झाला.

तंबूत लागलेला होता एका सिनेमाचा दुसरा भाग. पहिला भाग मी आदल्या हिवाळ्यात कर्जतला कामासाठी गेलो असताना पाहिला होता. आमच्या गावात तो पाहिलेला माणूस विरळाच. म्हणून बैलगाडीतून जाताना मी पाहुण्याला सगळी हकिगत क्रमाने सांगितली. एक सरदार असतो. त्याचं नवं लग्न झालेलं असतं. दुष्ट दिवाण त्याच्यावर फितुरीचा आळ घेतो आणि त्याला मारवतो. त्याची बायको तान्हं मूल घेऊन रानात पळून जाते. इथे पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात ते मूल मोठं झालेलं असणार, एवढं धरून चालावं. पाहुण्याला समजलं. पण बायका मागच्या गाडीत होत्या, त्यांना हे काहीच मिळालं नाही. माझ्या मुलीनेही पहिला भाग पाहिलेला नव्हता.

तंबूत मधोमध कनात बांधून एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका बसत. पडदा मात्र दोघांना एकच. मशीन एक, त्यामुळे रीळ संपलं की खेळ थांबे, दिवा लागे, शेंगावाला फिरे आणि दुसरं रीळ चढे.

खेळ सुरू झाला. सरदाराची बायको आता म्हातारी, केस पांढरे, रानातल्या झोपडीत चुलीपुढे बसलेली. मुलगा तरुण, देखणा. बापाचं आणि मुलाचं काम एकाच नटाने केलेलं होतं. मुलगा बापासारखा दिसतो हे दाखवायला तसं केलं असणार. आई चुलीत काटक्या सारते, धूर होतो, धुराने सगळा पडदा भरतो आणि धूर विरला की दिसतं ते जुनं: तीच बाई तरुण, चौकड्यांच्या साडीत, आणि तिच्यासमोर तिचा नवरा, तो सरदार. दोघं नदीकाठी बोलतात, हसतात. पुन्हा धूर, पुन्हा झोपडी. असं तीन-चार वेळा झालं. मला काही अडचण आली नाही. शेजारी पाहुणाही मान डोलवत होता.

शेवटच्या रिळात मुलगा दिवाणाचा सूड घेतो आणि राजाची मुलगी त्याच्या गळ्यात माळ घालते. तंबूत टाळ्या पडल्या. तेवढ्यात कनातीपलीकडून आत्याबाईंचा आवाज आला, मोठा आणि स्पष्ट.

‘आरं मेल्या! एक घरात बसवून दुसरी करतोस?’

पुरुषांच्या बाजूला हशा उसळला. त्या थांबल्या नाहीत.

‘हसा! हसायला काय जातंय तुमचं? ती बिचारी नदीवर वाट बघतेय आन ह्यो हितं माळ घालून घेतोय. सासू बी सगळं बघून गप! चल गं, उठ.’

मग बायकांच्या बाजूला उठाउठ झाली. आमची मंडळी आणि मुलगी त्यांच्यामागे बाहेर पडल्या. मीही पडलो. आत्याबाईंचा भाऊ मात्र पोट धरून हसत तिथेच बसलेला.

झालं होतं ते असं. आत्याबाईंनी नाटकाच्या सवयीने हिशेब केला होता. म्हातारी आई आणि चौकड्यांच्या साडीतली तरुणी यांचा चेहरा एकच, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. पण त्यांना वाटलं, कंपनीत बायका कमी, म्हणून एकीनेच सासूचं आणि सुनेचं काम केलं. आणि तरुण पुरुष दोन नसून एकच, म्हणजे मुलगा. म्हणून त्यांच्या लेखी गोष्ट अशी होती: मुलाचं लग्न झालेलं, बायको नदीकाठी राहते, आई झोपडीत राहते, आणि शेवटी मुलगा राजाच्या पोरीशी दुसरं लग्न करतो. जिथे नट खरंच दोन माणसं झाला होता तिथे त्यांना एक दिसला, आणि जिथे बाई एकच होती तिथे त्यांना दोन दिसल्या. सगळं बिनचूक जुळत होतं. फक्त गोष्ट दुसरीच झाली होती.

पण हे मला सकाळी कळलं. त्या वेळी एवढंच दिसत होतं की जो विषय काढू नका म्हणून मला बजावलं होतं, तो मी तिकीट काढून त्यांच्यापुढे मांडला होता. घरी आल्यावर भाऊ पुन्हा हसायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तू हस. उद्याच्या पयल्या मोटारीनं जायचं हाय.’ मुलीबद्दल एक शब्द नाही. आमची मंडळी मला स्वयंपाकघरात म्हणाली, ‘अवो, तुमाला बी दुसरं काय सुचलं नाय? देवळात न्यायचं व्हतं!’

सकाळी आत्याबाई अंगणात तोंड धुऊन बसल्या होत्या. मी जाऊन सरळ विचारलं, काय खटकलं? त्यांनी वर लिहिली ती गोष्ट सांगितली. मला हायसं वाटलं. चूक कुठे आहे ते कळलं की ती दुरुस्त करता येते, अशी माझी समजूत. मी म्हटलं, ‘आत्याबाई, ती सून नव्हेच. ती म्हातारीच, तरुणपणची. पुरावा देतो. दोघींच्या हनुवटीवर गोंदण एकच होतं. साडी बदलते, गोंदण बदलत नाही.’

गिरणीवर खोटं माप घेऊन आलेल्याकडे मी टाकतो तशी नजर त्यांनी माझ्याकडे टाकली.

‘बाई एकच म्हणल्यावर गोंदण दोन कुटून येतील? आमचा पाटील सासू झाला तवा बी त्याच्या नाकावर मस होता, आन सून झाला तवा बी.’

मी गोंदणाचा नाद सोडला. मी पहिल्या भागाची हकिगत सुरू केली, पण ती ऐकायला त्या तयार नव्हत्या. ‘ज्ये मी बघितलं नाय त्ये मला कशाला सांगता? मी बघितलं त्ये सांगा.’ विचार केला तर हे म्हणणंही बरोबर होतं.

मुलगी चुलीपाशी भाकऱ्या करत होती आणि सगळं ऐकत होती. ती हाताचं पीठ पुसत बाहेर आली. मी तिला नजरेने आत जा म्हणून सांगितलं, कारण होऊ घातलेल्या सासरच्या माणसांपुढे मुलीने आपणहून बोलणं तेव्हा बरं दिसत नसे. तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. आत्याबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.

‘आत्याबाय, एक इचारू?’

‘इचार.’

‘तुमाला तुमचं म्हायेरचं लहानपण आठवतं, तवा तुमी सोताला कशा दिसता? आताच्या का तवाच्या?’

‘तवाची. परकर नेसलेली. आताची कशी दिसंन?’

‘केस काळे?’

‘मंग काय पांढरे?’

‘तसंच ती म्हातारी, आत्याबाय. चुलीपुढं एकटी बसली की तिला आठवतं. आठवताना ती सोताला तवाची दिसते. तिच्या डोक्यात जे चाललंय त्ये आपल्याला पडद्यावर दिसतं. म्हणून तर आधी धूर येतो. नदीवर आता कुणी बी नाय.’

‘आन त्यो? त्यो तर पोरगाच व्हता.’

‘त्यो तिचा नवरा. पोराचा बाप. पोरगा त्याचं तोंड उचलून आलाय.’

‘बाप असा तरणा? पोराच्या वयाचा?’

‘त्यो त्या वयाचा असताना मेला. मेलेला माणूस आठवणीत म्हातारा कसा व्हईल?’

आत्याबाई बोटांवर एकेक माणूस मोजू लागल्या. चुलीवरची भाकरी करपल्याचा वास आला, आमची मंडळी आत धावली, पण मुलगी हलली नाही.

‘म्हंजे तिच्या नवऱ्यानं दुसरी नाय केली?’

‘नाय.’

‘मेला व्हय त्यो?’

‘व्हय.’

‘मेला व्हय!’ त्यांचा चेहरा उजळला. ‘मंग चांगला व्हता म्हणायचा बिचारा.’

हे ऐकून ओसरीवर त्यांचा भाऊ पुन्हा खो खो हसला. मला स्वतःला ओठ आवळून धरावे लागले. मुलगी हसली नाही. तिने नुसतं ‘व्हय, लई चांगला व्हता’ म्हटलं आणि करपलेली भाकरी बघायला आत गेली.

पहिली मोटार त्यांनी सोडली. मला म्हणाल्या, ‘आज बी ह्योच खेळ हाय का?’ मी म्हटलं, आहे. ‘मंग आज नीट बघते.’

त्या दिवशी मी गिरणीवर गेलो आणि जो येईल त्याला विचारत सुटलो. काल तंबूत गेला होतास का, पहिला भाग पाहिला होतास का, गोष्ट काय कळली? मला छंद लागला म्हणा. पहिला भाग न पाहिलेले डझनभर तरी भेटले. त्यांतल्या दोघा-तिघांनाच गोष्ट जशी होती तशी कळली होती. एक लोधिवलीचा गाडीवान म्हणाला, ती चौकड्यांच्या साडीवाली मेलेली असून भूत होऊन नदीवर येते, धूर त्याचाच. दुसऱ्याने सांगितलं, मुलगा झोपला की त्याला स्वप्नं पडतात. एकाला वाटलं की मशीनवाल्याने रिळं उलटसुलट चढवली. पण गोंधळलो असं एकानेही म्हटलं नाही. ज्याने त्याने आपल्यापुरती पुरी गोष्ट करून घेतली होती आणि प्रत्येक जण खूश होता. उलट पहिला भाग पाहिलेले दोघं भेटले, ते मात्र वाद घालत होते की पहिल्या भागात नदीकाठी साडी चौकड्यांची नव्हतीच. तेव्हा माझं मत असं झालं की पहिला भाग न पाहिल्याने माणूस गोंधळत नाही, तो वेगळं बघतो. वेगळं बघितलेलं त्याच्या आयुष्याला लागलं तरच पंचाईत. आत्याबाईंना लागलं.

संध्याकाळी आम्ही पुन्हा गेलो. ह्या वेळी आमची मंडळी एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या बाजूला, मधे आत्याबाई, असं बसल्याचं मला नंतर कळलं. मी कनातीला लागून बसलो होतो. पहिल्यांदा धूर आला तेव्हा पलीकडे कुणी बाई विचारत होती, ‘ही कोण नवीन आली गं?’ आणि आत्याबाईंचा आवाज, ‘नवीन नाय, जुनीच हाय. म्हातारीला आठवतंय. गप बस आन बघ, दरवेळी तरणी झाली की मागचं समजायचं.’

‘आन हा तिचा कोण?’

‘नवरा. मेला बिचारा. पर हाय तवर बघून घे, किती जीव लावतोय त्ये.’

शेवटी मुलाच्या गळ्यात माळ पडली तेव्हा पलीकडून सर्वांत आधी टाळी ऐकू आली ती त्यांचीच असावी, असा माझा अंदाज आहे. कनात मधे होती, त्यामुळे खात्री देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीला निघताना भाऊ घसा खाकरून म्हणाला, ‘पाव्हणं, घरी जाऊन इचार करून कळवतो.’ ही आमच्याकडची रीत. लगेच हो म्हणत नाहीत.

‘काय इचार करायचा ऱ्हायलाय?’ आत्याबाई म्हणाल्या. ‘पोरगी आपल्याला घ्यायचीय.’

‘आगं, रीतभात हाय का नाय?’

‘रीत तू पाळ. परवा तंबूत सगळा गाव मला हसला. तू हसलास, आन पुन्यांदा बी हसलास. हे पाव्हणं बी ओठ आवळत उभे व्हते, मला काय दिसत नाय?’ मी खाली बघितलं. ‘ही पोर तेवढी हसली नाय. मला कळंना त्ये माज्याजवळ बसून कळवलंन. माजं वय झालं, ह्याच्याफुडं मला कळंना असंच लई येणार हाय. मला ही घरात पायजे.’

आमची मंडळी डोळ्याला पदर लावून आत गेली. मुलगी आत होतीच.

मी त्यांना पोचवायला चौकपर्यंत गेलो. भट्टी त्या दिवशी चांगली पेटली होती. मोटार सुटायला थोडा अवकाश होता, म्हणून तंबूच्या मालकाकडे सहज चौकशी केली. तो म्हणाला, पहिला भाग पुढच्या मुक्कामी, खालापूरला येतोय. आमच्याकडे तो उलट्या क्रमानेच हिंडत होता. मी परत येऊन आत्याबाईंना सांगितलं आणि म्हटलं, ‘लग्नाच्या याद्या करायला याल तेव्हा पहिला भागही बघून घ्या. म्हणजे गोष्ट पुरी होईल.’

त्या मोटारीच्या बाकावर चढून बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, ‘नको. त्यात त्यो मरतो. आमी याद्याच करू.’